पहिली सूचना कोणाची? असेंबल्ड पीसी आणि बूट लोडरचा इतिहास

सुटे भाग आणून संगणक जोडला. वीज दिली, पंखे फिरू लागले, सेटअपच्या पडद्यावर प्रोसेसरचे नाव बरोबर आले, रॅम पूर्ण दिसली, एसएसडीही दिसली. लिनक्स बसवण्याचे कामही शेवटपर्यंत विनातक्रार पार पडले. यंत्र पुन्हा सुरू केले आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: बूट करण्याजोगे उपकरण सापडले नाही.

प्रयोगशाळेत दरवर्षी एखादा तरी गट या ओळीपाशी अडकतो आणि पहिला संशय एसएसडीवर किंवा केबलवर घेतो. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवरून मेमरीत आणून त्याच्या हाती यंत्र सोपवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर. हा प्रोग्राम कुठे ठेवायचा, तो कोणी शोधायचा आणि कोणत्या अटीवर चालवायचा, याचे नियम गेल्या चाळीसेक वर्षांत थरावर थर साचत गेले आहेत. असेंबल्ड यंत्रावर हे सगळे थर एकदमच समोर येतात, कारण ब्रँडेड यंत्रात कंपनीने आधीच घेतलेले निर्णय येथे आपल्याला घ्यावे लागतात. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

रिकाम्या मेमरीचा प्रश्न

प्रोसेसर मेमरीतली सूचना वाचतो, ती पाळतो आणि पुढच्या सूचनेकडे जातो. याहून वेगळे त्याला काही येत नाही. वीज नुकतीच आली असेल तर मेमरीत अर्थपूर्ण असे काहीच नसते. प्रोग्राम मेमरीत आणायचा तर त्यासाठी प्रोग्राम हवा, आणि तो आणायला आणखी एक. बुटाच्या मागच्या पट्टीला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. ती पट्टी ओढून स्वतःच स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य कसरतीवरून या क्रियेला बूटस्ट्रॅप हे नाव पडले, आणि वापरता वापरता 'बूट' एवढेच उरले.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हे यंत्र ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालले. त्यात डेव्हिड व्हीलर यांनी लिहिलेल्या ३१ सूचना कायमच्या बसवलेल्या होत्या, त्याही टेलिफोन एक्सचेंजमध्ये वापरल्या जाणाऱ्या स्टेपिंग स्विचांवर. बटण दाबले की या सूचना मेमरीत उतरत आणि कागदी फितीवरचा प्रोग्राम वाचायला लागत. आजच्या अर्थाने हा बूट लोडरच, आणि माझ्या मते ३१ सूचनांत बसवलेला तो एक नितांतसुंदर प्रोग्राम आहे. १९५२ च्या आयबीएम ७०१ वर 'लोड' नावाचे बटणच होते. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टीम ३६० मध्ये ऑपरेटर डायल फिरवून उपकरणाचा क्रमांक निवडे आणि यंत्र त्या उपकरणावरून पहिले २४ बाइट वाचून कामाला लागे. मेनफ्रेमवर काम करणारे आजही 'बूट' न म्हणता 'आयपीएल' म्हणतात, तो शब्द तिथला.

स्वस्त यंत्रांना एवढी चैन परवडत नव्हती. १९६५ च्या पीडीपी-८ वर समोरच्या पट्टीवरील स्विच वर-खाली करून लोडरची एकेक सूचना हाताने भरावी लागे. त्यातल्या कोअर मेमरीतील मजकूर वीज गेली तरी टिकत असे, त्यामुळे एखाद्या प्रोग्रामने तो पुसला तरच ही शिक्षा पुन्हा भोगावी लागे. १९७५ च्या अल्टेअर ८८०० मध्ये अर्धवाहक मेमरी आली आणि तेही सुख गेले. त्या यंत्रासाठी लिहिलेले बेसिक दाखवायला पॉल अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले, तेव्हा फितीवरून बेसिक वाचणारा लोडरच लिहायचा राहिला आहे हे त्यांच्या ध्यानात आले. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढला.

आयबीएम पीसी आणि तिच्या प्रतिकृती

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी बाजारात आली. तिने घेतलेले दोन-तीन साधे निर्णय पुढे जगभर नियम होऊन बसले. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर सुरू होताच १ एमबीच्या सीमेला १६ बाइट कमी अशा पत्त्यावर जाई. तिथे रॉममधल्या बायोसकडे उडी मारण्याची सूचना होती. बायोस हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टीममधून आलेले. बायोस यंत्राची तपासणी करी, फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत ७सी०० या षोडशमान पत्त्यावर आणी आणि तिथे उडी मारी. त्यापुढे काय होते याच्याशी त्याला देणेघेणे नसे.

७सी०० हा आकडा विद्यार्थ्यांना जादूचा वाटतो. हिशेब सरळ आहे. किमान ३२ केबी मेमरी गृहीत धरली होती. ऑपरेटिंग सिस्टीम खालून वर भरत येणार, म्हणून बूट सेक्टर जितका वर ठेवता येईल तितका बरा. त्यामुळे शेवटचा १ केबी त्याला दिला, अर्धा स्वतः त्या सेक्टरसाठी आणि अर्धा त्याच्या कामाच्या जागेसाठी. ३२ केबीतून १ केबी वजा केला की ७सी०० येते. जुन्या पद्धतीने बूट होणारे यंत्र ६४ जीबी रॅमचे असले तरी त्याची सुरुवात याच पत्त्यावर होते.

आयबीएमने पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांपासून बनवली होती. खास तिचा असा भाग बायोस हाच होता, आणि त्याची संपूर्ण सूचनावली कंपनीने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. ही उदारता वाटते, पण त्यात एक मेख होती. ती सूचनावली वाचलेल्या माणसाने लिहिलेला बायोस नक्कल ठरण्याची भीती होती. १९८२ मध्ये कॉम्पॅकने आणि १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने यावर तोडगा काढला. एका चमूने मूळ बायोस वाचून तो काय करतो एवढेच लिहून काढायचे, आणि मूळ कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या चमूने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहायचा. कॉम्पॅकचा बायोस तिच्याच यंत्रांसाठी होता. फिनिक्सने मात्र आपला बायोस कोणालाही विकला. एस. शंकर हे भारतीय वंशाचे अभियंता ज्यांच्या संस्थापकांपैकी होते, ती अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि तिचा एएमआय बायोसही घरोघरच्या मदरबोर्डांवर पोहोचला.

असेंबल्ड पीसीचा जन्म येथे झाला असे मी मानतो. मदरबोर्ड एकाचा, बायोस दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची, ऑपरेटिंग सिस्टीम चौथ्याची. चौघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, पण पहिला सेक्टर, ७सी०० आणि उडी एवढा करार चौघांनाही मान्य आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरूचा एस. पी. रोड या बाजारपेठा याच करारावर उभ्या राहिल्या. दुकानदाराला करार तोंडपाठ नसला तरी चालत होते, कारण तो भागांच्या आतच होता.

४४६ बाइटांची जागा

मार्च १९८३ मध्ये १० एमबी हार्ड डिस्क असलेली पीसी/एक्सटी आणि तिच्यासोबत डॉस २.० आले. डिस्क मोठी, म्हणून तिचे भाग पाडण्याची सोय हवी होती. पहिल्या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड, थोडक्यात एमबीआर, असे रूप मिळाले. त्याचे ५१२ बाइट असे वाटले गेले: ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि २ बाइट खुणेसाठी. एका वेळी एकच पार्टिशन 'अ‍ॅक्टिव्ह' असायचे आणि बूट तिथून व्हायचे.

तक्त्यात चार ऑपरेटिंग सिस्टीम बसू शकत होत्या, प्रोग्रामची जागा मात्र एकच होती. जो शेवटी लिहील त्याची ती जागा. विंडोज पुन्हा बसवल्यावर लिनक्सचा मेनू गायब का होतो, या प्रश्नाचे कित्येक वर्षांचे उत्तर एवढेच होते. त्यात प्रत्येक वेळी कोणाचा कट शोधायचे कारण नाही. आपल्याखेरीज दुसरे कोणी या डिस्कवर असेल हे विचारायची पद्धतच त्या करारात नव्हती.

विचारायची पद्धत नव्हती, म्हणून नकोसे पाहुणेही आले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसत असे. बायोस पहिला सेक्टर वाचून त्यावर डोळे मिटून विश्वास टाकत असल्याने, फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून यंत्र सुरू करणे एवढेच लागणीला पुरे होई. दरवर्षी ६ मार्चला डिस्कवरचा मजकूर पुसणारा 'मायकेलअँजेलो' हाही बूट सेक्टरचाच व्हायरस. पुण्यात कैलाश काटकर यांचा संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय होता. त्यातून त्यांचे बंधू संजय यांच्यासह 'क्विक हील' उभे राहिले, ते याच नव्वदच्या दशकात. बायोसच्या सेटअपमध्ये बूटचा क्रम 'आधी सी, मग ए' करून ठेवा, हा त्या काळी सर्वत्र मिळणारा सल्लाही याच भीतीतून आलेला.

लिलो आणि ग्रब

लिनक्सचा प्रसार सुरू झाला तो बहुतांशी असेंबल्ड यंत्रांवर, आणि त्यांत आधीपासून डॉस किंवा विंडोज असे. वेर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ मध्ये लिलो लिहिला. ४४६ बाइटांत फाइलसिस्टीम समजून घेणारा प्रोग्राम बसत नाही. म्हणून लिलो कर्नल डिस्कवर नेमक्या कोणत्या सेक्टरांत आहे त्याची यादी आधीच करून ठेवी आणि बूटच्या वेळी डोळे झाकून तेवढे सेक्टर उचली. कर्नल बदलल्यावर लिलो पुन्हा चालवायला विसरलात, की यादी जुनी आणि कर्नल नव्या जागी. पडद्यावर 'लिलो' या चार अक्षरी इंग्रजी शब्दातली पहिली दोनच अक्षरे उमटून यंत्र थिजत असे. किती अक्षरे उमटली यावरून बिघाड कुठे हे ओळखायचे, ही त्या पिढीची निदानविद्या.

दुसरी अडचण बायोसची होती. डिस्क वाचण्याच्या त्याच्या जुन्या सेवेत सिलिंडरच्या क्रमांकाला १० बिट होते, म्हणून १०२४ सिलिंडरांच्या पलीकडे त्याला काही दिसत नसे. डिस्क नियंत्रकाची १६ हेडची मर्यादा आणि ६३ सेक्टर धरले, तर १०२४ × १६ × ६३ × ५१२ म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट. हेडांची संख्या २५५ पर्यंत भासवण्याची युक्ती निघाल्यावर मर्यादा ८.४ जीबीवर गेली. कर्नल या रेषेच्या अलीकडे राहिलाच पाहिजे, म्हणून डिस्कच्या आरंभी लहानसे '/बूट' पार्टिशन करायची पद्धत रुळली. पुढे बायोसच्या विस्तारित सेवा आल्या आणि ही मर्यादा उठली, तरी सवय राहिली. आजही अनेक जण विचार न करता ते पार्टिशन करतात. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर त्याचा उपयोग आहे, एरवी बहुधा नाही.

एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ग्रब सुरू केला तो ग्नू हर्ड बूट करण्यासाठी. ग्रबला फाइलसिस्टीम वाचता येई, त्यामुळे कर्नलची फाइल नावाने शोधता येऊ लागली. त्यासाठी लागणारा मोठा प्रोग्राम ठेवायचा कुठे? जुन्या प्रथेनुसार पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई, म्हणजे एमबीआरनंतरचे ६२ सेक्टर, सुमारे ३१ केबी, कोणाच्याच मालकीचे नव्हते. ग्रब तिथे राहायला गेला. ही जागा त्याला कोणी दिलेली नव्हती. इतर काही सॉफ्टवेअरही तिथे गुपचूप आपल्या खुणा लिहीत आणि मग ग्रब मोडे. संपूर्ण नव्याने लिहिलेला ग्रब २ पुढे उबुंटूने २००९ मध्ये स्वीकारला. आज 'ग्रब' म्हणतो तो हा.

यूईएफआय: यादी मदरबोर्डवर गेली

इंटेलने आयटेनियम प्रोसेसरच्या सर्व्हरांसाठी बायोसऐवजी नवी रचना आखायला नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरुवात केली. तिचे नाव ईएफआय झाले. २००५ मध्ये ती अनेक कंपन्यांच्या यूईएफआय फोरमकडे गेली. साध्या पीसीवर तिची गरज डिस्कांनी निर्माण केली. एमबीआरच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, त्यामुळे ५१२ बाइटांचे सेक्टर धरले तर सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा त्यात मावतच नाही. जीपीटी या नव्या तक्त्यात ६४ बिटांचे क्रमांक आणि सर्वसाधारणपणे १२८ पार्टिशनांची सोय आहे.

खरा बदल वेगळाच आहे. बूट लोडर आता अज्ञात सेक्टरांत लपलेला नसतो. तो फॅट फाइलसिस्टीम असलेल्या ईएसपी या पार्टिशनमधली एक साधी फाइल असतो. विंडोजची फाइल आपल्या फोल्डरात, ग्रबची आपल्या, कोणी कोणाला पुसायचे कारण नाही. कोणती फाइल कोणत्या क्रमाने चालवायची याची यादी मात्र डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरील एनव्हीरॅममध्ये असते. असेंबल्ड यंत्राच्या बहुतेक अडचणी या एका वाक्यातून निघतात, म्हणून येथे जरा थांबू.

मदरबोर्ड बदलला आणि एसएसडी तीच ठेवली, तर ग्रबची फाइल जागेवर असते पण नव्या बोर्डाच्या यादीत तिचे नाव नसते. फर्मवेअर अपडेट केल्यावरही काही बोर्डांवर यादी पुसली जाते. यादीत काही सापडले नाही, तर फर्मवेअर 'ईएफआय' फोल्डरातील 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४.ईएफआय' या ठरलेल्या नावाची फाइल शोधते. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालतो तो याच सोयीमुळे. ग्रबची एक प्रत तिथे ठेवली, तर बोर्ड बदलूनही यंत्र उठते. नाहीतर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून 'ईएफआयबूटएमजीआर' या आज्ञेने यादीत नोंद पुन्हा घालावी लागते.

दोन डिस्क असलेल्या यंत्रात आणखी एक खड्डा आहे. विंडोज आधीच एका डिस्कवर असेल, तर लिनक्सचा इन्स्टॉलर पुष्कळदा तिथलेच ईएसपी वापरतो. लिनक्स दुसऱ्या डिस्कवर, त्याचा लोडर पहिल्या. पहिली डिस्क काढून मित्राला दिली की लिनक्सही उठत नाही, आणि दोष लिनक्सच्या डिस्कला लागतो. इन्स्टॉल करताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवायची, हा दुकानातल्या मुलांचा जुना उपाय गावठी दिसतो, पण अजूनही त्याच्याइतका खात्रीचा उपाय नाही.

आणि सुरुवातीची काळी ओळ? बदलाच्या काळात जुन्या सिस्टीम चालाव्यात म्हणून फर्मवेअरमध्ये सीएसएम नावाचा बायोसचा मुखवटा ठेवला गेला. तो चालू असेल तर एकच पेन ड्राइव्ह बूटच्या यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा 'यूईएफआय' या शब्दासह. नुसता निवडला तर इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि एमबीआरसाठीच ग्रब बसवतो. नंतर सेटअपमध्ये सीएसएम बंद केला, की फर्मवेअर ईएसपी शोधते, ते नसतेच, आणि ओळ उमटते. इन्स्टॉल झालेले सगळे बरोबर असते, पण दुसऱ्या कराराप्रमाणे. चालू लिनक्समध्ये '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही डिरेक्टरी आहे का एवढे पाहिले, तरी आपण कोणत्या पद्धतीने उठलो ते कळते. इन्स्टॉल करण्यापूर्वी लाइव्ह सत्रातच ते पाहावे.

सहीचा प्रश्न

'पहिल्या सेक्टरवर डोळे मिटून विश्वास' या जुन्या दोषावरचा उपाय सिक्युअर बूट या नावाने आला. फर्मवेअरमध्ये ठरावीक किल्ल्या असतात आणि त्यांनी सही केलेला लोडरच चालतो. २०१२ मध्ये विंडोज ८ चे बोधचिन्ह लावणाऱ्या यंत्रांना मायक्रोसॉफ्टने तो बंधनकारक केला, त्यामुळे मायक्रोसॉफ्टची किल्ली जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डवर पोहोचली. पीसीवर तो बंद करता आला पाहिजे आणि मालकाला आपल्या किल्ल्या घालता आल्या पाहिजेत, ही अटही त्यातच होती. एआरएम प्रोसेसरच्या विंडोज आरटी उपकरणांवर मात्र बंद करण्यास मनाई होती. विंडोज १० पासून बंद करण्याची सोय द्यायची की नाही हे उत्पादकावर सोडले गेले.

लिनक्स वितरकांनी व्यवहारी मार्ग काढला. 'शिम' नावाच्या छोट्या लोडरवर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि शिमच्या पोटात वितरकाची किल्ली ठेवायची. मग शिम ग्रबला तपासतो, आणि पुढे कर्नलही तपासला जातो. व्हर्च्युअलबॉक्स किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवल्यावर पासवर्ड मागणारा जो निळा पडदा येतो, तो शिमसोबतचाच. तिथे यंत्राचा मालक आपली किल्ली नोंदवत असतो. घाईत पुढे ढकलण्यासारखा तो पडदा नाही.

ही साखळी किती नाजूक आहे ते जुलै २०२० मध्ये दिसले. ग्रब आपली मांडणीची फाइल वाचताना करत असलेल्या एका चुकीचा फायदा घेऊन सही असलेल्या ग्रबकडूनच हवे ते चालवून घेता येत होते. या दोषाला 'बूटहोल' नाव मिळाले. सही झालेल्या जुन्या सगळ्या प्रती रद्द करायच्या तर रद्द-यादीला एनव्हीरॅममध्ये जागा अपुरी. म्हणून एकेक फाइल रद्द न करता विशिष्ट पिढीच्या आधीचे सर्व लोडर नाकारणारी 'एसबॅट' ही पद्धत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने हा नियम पुढे सरकवला. दोन सिस्टीम असलेल्या यंत्रांवर तो लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, तरी अशी अनेक यंत्रे लिनक्समध्ये जाईनात. सुरक्षेच्या दृष्टीने नियम योग्यच होता. पण एका सिस्टीमच्या अपडेटने दुसरीचा दरवाजा बंद होणे, हे १९८३ च्या ४४६ बाइटांची आठवण करून देणारे आहे.

सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये काढलेल्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ मध्ये संपते. त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेतात. आधी सही झालेले लोडर मुदत संपल्यावर एकाएकी थांबणार नाहीत, कारण फर्मवेअर सहसा तारीख तपासत नाही. प्रश्न येतो तो नव्या किल्लीने सही केलेल्या शिमचा. ज्या फर्मवेअरला २०२३ चे प्रमाणपत्र माहीत नाही, ते त्याला ओळखणार नाही. ब्रँडेड लॅपटॉपला हे प्रमाणपत्र अपडेटमधून मिळण्याची शक्यता बरी असते. सात-आठ वर्षांपूर्वी सुटा विकत घेतलेला बोर्ड, ज्याच्या उत्पादकाने फर्मवेअर काढणे थांबवले आहे, त्याची गोष्ट वेगळी. चालू सिस्टीममधून प्रमाणपत्र घालता आले तर उत्तम. नाहीतर अशा बोर्डावर सिक्युअर बूट बंद ठेवणे, किंवा सेटअप मोडमध्ये जाऊन किल्ल्या स्वतः नोंदवणे, हे दोन मार्ग उरतात. दुसऱ्याला एक संध्याकाळ लागते, आणि आधीच्या किल्ल्यांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवल्याशिवाय त्याला हात घालू नये.